होडी की गाडी? मुंबई बंदरातील उतारूंच्या निवडीचा इतिहास

प्रवाशासाठी मराठीत 'उतारू' असा एक जुना शब्द आहे. आज तो फारसा बोलण्यात येत नाही. पण जुन्या कादंबऱ्यांत, वर्तमानपत्रांत आणि आगबोटींच्या जाहिरातींत तो सर्रास आढळतो. या शब्दाचे मूळ 'उतरणे' या क्रियापदात आहे, आणि मराठीत 'उतरणे' याचे निदान दोन अर्थ होतात. वरून खाली येणे हा एक, आणि पाणी ओलांडून पलीकडे जाणे हा दुसरा. 'नदीला उतार आहे' असे आपण म्हणतो तेव्हा हा दुसरा अर्थच अभिप्रेत असतो. संस्कृतातील 'तॄ' या धातूपासून निघालेल्या शब्दांचे हे कुटुंब मोठे आहे. होडीने पार करण्याच्या जागेला म्हणायचे 'तर', समुद्रातले 'तारू', आणि ज्याचा मूळ अर्थच नदी ओलांडण्याची जागा असा होतो ते 'तीर्थ', हे सारे त्यातलेच. म्हणजे ज्याला आपण आज गाडीत बसलेला माणूस समजतो, त्याची भाषेने पहिली ओळख करून दिली ती पाणी ओलांडणारा माणूस म्हणून.

वाशीम जिल्ह्यातील रिठदसारख्या गावात बसून समुद्रावरील वाहतुकीचा विचार करणे कोणाला विचित्र वाटेल. परंतु रिसोड तालुक्याच्या अंगाने पैनगंगा वाहते, आणि पूल होण्यापूर्वीच्या काळात अशा नद्यांच्या काठच्या माणसांना पावसाळ्यात दोनच मार्ग असत: उतार मिळेपर्यंत अलीकडे थांबायचे, किंवा डोंग्यात बसून पलीकडे जायचे. यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा हे प्रवासी ठरवतो असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ते नदीचे पाणी, डोंगेवाल्याची तयारी आणि पलीकडच्या कामाची निकड यांवर ठरत असे. प्रस्तुत लेखात हीच गोष्ट मुंबई बंदराच्या संदर्भात तपासायची आहे. बंदरात उतरलेल्या माणसाने पुढे पाण्याने जावे की जमिनीने, या साध्या प्रश्नामागे बराच इतिहास आहे, आणि तो आपल्या वाङ्मयाच्या अभ्यासालाही उपयोगी पडणारा आहे.

आजचे उदाहरण आधी घेऊ. पर्यटकांचे एखादे जहाज मुंबईत एक दिवस थांबते. बॅलार्ड पियर येथे बांधलेल्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले. जहाजातून उतरलेल्या प्रवाशाच्या हाती पाच-सात तास असतात. त्याने काळी-पिवळी टॅक्सी करून फोर्ट, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मणिभवन, मलबार हिल असा फेरा मारावा, की लाँचने घारापुरीला जाऊन तेथील लेणी पाहावीत? लाँचला गेटवेपासून घारापुरीपर्यंतचे सुमारे १० किलोमीटर अंतर कापायला तासभर लागतो. पुढे पायऱ्या चढायच्या, लेणी पाहायची, आणि परतीचा पुन्हा एक तास. म्हणजे अर्धा दिवस त्यातच जातो. शिवाय सोमवारी लेणी बंद. यात एक गंमत अशी की बॅलार्ड पियरला जहाजातून उतरलेल्या माणसाला घारापुरीची लाँच पकडण्यासाठी आधी टॅक्सीनेच गेटवेपर्यंत यावे लागते. पाण्यातून आलेला माणूस पुन्हा पाण्यात जाण्यासाठी जमिनीवरून जातो. हे असे का, याचे उत्तर बंदराच्या इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईला येणाऱ्या मोठ्या जहाजांना काठाला लागण्याची सोय नव्हती. जहाज बंदराच्या खोल पाण्यात नांगर टाकून उभे राही, आणि उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यावर आणले जाई. पालवा बंदर, ज्याला इंग्रजांनी अपोलो बंदर केले, ही अशा उतरण्याची एक प्रमुख जागा. किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर पालखी, पुढे शिग्राम, बग्गी आणि व्हिक्टोरिया अशी वाहने मिळत. या काळात होडी की गाडी असा प्रश्नच नव्हता. आधी होडी आणि मग गाडी, असा तो क्रम होता, आणि तो श्रीमंत-गरीब सर्वांना सारखाच लागू होता. फरक पडे तो कोणत्या जागी उतरता येते यात. देशी उतारूंची गलबते आणि मचवे ज्या बंदरांना लागत तेथे ओहोटीच्या वेळी चिखल तुडवावा लागे. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य यांनी, म्हणजेच 'भाऊं'नी, १८४० च्या सुमारास जो धक्का बांधला त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. 'भाऊचा धक्का' हे नाव लोकांनी दिले आणि लोकांनीच टिकवले. सरकारी कागदांत त्याचे नाव 'फेरी वार्फ' असले तरी कोकणातला माणूस ते आजही उच्चारीत नाही. ज्याने चिखलातून चालणे वाचवले त्याचे नाव समाजाने जिभेवर ठेवले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ मध्ये 'मुंबईचे वर्णन' लिहिले ते याच घडणाऱ्या, भराव घालून वाढणाऱ्या शहराचे. ते पुस्तक वाचताना बंदरे, धक्के आणि पूल यांना केवळ स्थलवर्णन समजू नये. ती त्या शहराच्या समाजरचनेची माहिती आहे.

मुंबई हे मुळात बेटांचे शहर. त्यामुळे पाण्याने की जमिनीने हा प्रश्न परदेशी उतारूंपुरता नव्हता, तो शहरातल्या माणसाचा रोजचा होता. शीवचा बांध १८०५ च्या सुमारास पुरा झाला, कुलाब्याचा १८३८ मध्ये. माहीम आणि वांद्रे यांच्यामधल्या खाडीवर मात्र होड्यांचीच वाहतूक होती. १८४१ मध्ये तेथे होड्या उलटून माणसे बुडाली. सरकार खर्च करीना, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये तो बांध वाहतुकीस खुला झाला. देणगी देताना त्यांनी घातलेली अट सर्वांत लक्षणीय आहे: या रस्त्यावर जकात घ्यायची नाही. म्हणजे होडी आणि रस्ता यांमधली निवड केवळ बांध घालून सुटत नाही, त्या बांधावरून चालायला पैसे पडतात की नाही यावरही ती अवलंबून असते, हे त्या बाईंनी ओळखले होते. रस्ता झाला पण पथकर बसला, तर गरीब माणूस पुन्हा होडीकडेच वळणार होता, आणि त्याच होड्या उलटत होत्या.

पुण्याच्या वाटेचा इतिहासही असाच बोलका आहे. रेल्वेपूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस साधारणपणे होडीने पनवेलला जाई आणि तेथून बोरघाट चढून पुण्यास पोहोचे. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला तेव्हा हा मार्ग अधिकच रुळला. निम्मी वाट पाण्याची, निम्मी जमिनीची. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली; १८५६ मध्ये ती खोपोलीपर्यंत आली, १८५८ मध्ये खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गेली; मधला घाट तेवढा पालखीने किंवा तट्टावरून काढावा लागे. १८६३ मध्ये घाटातला लोहमार्ग खुला झाला आणि पनवेलच्या होडीचे महत्त्व ओसरले. कोणी प्रवाशाने पाण्याचा मार्ग नापसंत केला म्हणून हे घडले नाही. अखंड लोहमार्गाने मधली चढउतार वाचवली, म्हणून घडले. प्रवासाचा खरा त्रास एका वाहनातून उतरून दुसऱ्यात चढण्याचा असतो. सामान, लेकरे, हमाल आणि भाड्याची घासाघीस हे सारे त्या संधिस्थानी असते. हा त्रास जो मार्ग कमी करतो तो जिंकतो, असे वाहतुकीच्या इतिहासाचे ढोबळ सूत्र सांगता येईल.

बंदरातही हेच झाले. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यावर युरोपकडची वाहतूक वाढली; १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला; १८७५ मध्ये ससून डॉक, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक, १८८८ मध्ये व्हिक्टोरिया डॉक आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजचा इंदिरा डॉक, अशी गोद्यांची मालिका उभी राहिली. बॅलार्ड पियरला जहाज थेट काठाला लागू लागले. तेथेच रेल्वेचे स्थानक झाले आणि विलायतेहून आलेला साहेब जहाजातून उतरून सरळ उत्तरेकडच्या मेलगाडीत बसू लागला. याच सुमारास, १९११ मध्ये, मुंबईत मोटार टॅक्सी आली. म्हणजे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत उतारूच्या मार्गातून होडी जवळजवळ पुसली गेली होती. ती उरली दोन प्रकारच्या लोकांसाठी. अतिमान्यवर हे एक टोक, आणि ज्यांना दुसरा मार्गच नाही असे सामान्यजन हे दुसरे.

पहिल्या टोकाचे उदाहरण ९ जानेवारी १९१५ चे. गांधीजी 'अरेबिया' बोटीने आले तेव्हा त्यांना लाँचने अपोलो बंदरावर उतरू देण्यात आले. हा मान एरवी राजेरजवाडे आणि व्हाइसरॉय यांच्यासारख्यांनाच मिळे. एके काळी सर्वांना सक्तीने जेथे होडीतून उतरावे लागे, तीच जागा पन्नास-पाऊणशे वर्षांत सन्मानाची झाली होती. ४ डिसेंबर १९२४ रोजी तेथे गेटवे ऑफ इंडियाचे उद्घाटन झाले. सामान्य उतारू तोवर गोद्यांतून ये-जा करीत होता आणि ही कमान समारंभासाठीच उरली. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी याच कमानीखालून पाण्यावर गेली, हेही समारंभाच्या तर्काला धरूनच झाले.

दुसऱ्या टोकाला कोकणचा चाकरमानी आहे. मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले असे करीत जाणारी आगबोट हा त्याचा मार्ग. यांतल्या अनेक ठिकाणी आगबोट काठाला लागत नसे. ती दूर उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव येत. हलत्या बोटीच्या शिडीवरून हलत्या पडावात उतरायचे, तेही बोचकी, ट्रंका आणि कडेवरचे मूल सांभाळीत. तेथून काठावर आल्यावर बैलगाडी, नाहीतर पायवाट. मुंबई बंदरातल्या साहेबाची पडावातून सुटका झाल्यावरही कोकणातला उतारू पुढची कित्येक दशके पडावातूनच उतरत होता. पावसाळ्यात तर लांबच्या बंदरांची बोट बंदच असे. मग कोल्हापूरपर्यंत आगगाडी आणि पुढे आंबा घाटातून रत्नागिरी असा वळसा. 'निवड' हा शब्द या माणसाच्या बाबतीत फारच मोठा वाटतो. ऋतू निवड करीत होता.

या सक्तीची किंमतही कोकणाने मोजली आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी वादळात बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. भर पावसाळ्यात हे लोक बोटीत का बसले, असा प्रश्न आज कोणी विचारील. अलिबागला जमिनीवरून जायचे तर ठाण्याला वळसा घालून, पनवेल-पेण करीत जावे लागे. ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल झाला तो १९७३ मध्ये. सणाला घरी पोहोचायचे तर समोर दिसणाऱ्या किनाऱ्याची बोट हाच एक मार्ग. बोटींची नावे संतांची होती, आणि त्यामागे आपल्या माणसांची आपली बोट ही स्वदेशी भावना होती. तरीही बुडालेल्यांत बहुसंख्य ते होते ज्यांना दुसरे वाहन नव्हते, ही वस्तुस्थिती उरतेच.

पुढची हकिगत वेगाने घडली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटी सुरू झाली आणि तिचे जाळे हळूहळू कोकणात पसरले. एसटी वाडीच्या तोंडाशी नेऊन सोडते; बोट बंदरात सोडते, आणि तीही कधी पाण्यातच. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोकणची बोट बंद पडली; २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाली. गोव्यात मात्र या काळात एक उलटा प्रसंग घडला. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवीवरचा पूल कोसळला, आणि नवा पूल १९९२ मध्ये होईपर्यंत फेरीबोटींवर पुन्हा मोठा भार आला. पूल आला की होडी मागे पडते आणि पूल पडला की तिची आठवण होते. पण दरम्यान तांडेल, नावाडी, पडाववाले यांचे काय झाले याची नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

आता 'वॉटर टॅक्सी'कडे येऊ. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबई-बेलापूर जलमार्गावर या नावाने सेवा सुरू झाली. स्पीडबोटीचे भाडे साधारण ८०० ते १२०० रुपयांच्या घरात होते. त्याच बेलापूरहून लोकलचे दुसऱ्या वर्गाचे तिकीट अगदी थोडक्या रुपयांत मिळते, आणि लोकल शहराच्या मध्यात सोडते. ही सेवा अपेक्षेप्रमाणे रुजली नाही, यात नवल नाही. पाण्यावर वाहतुकीची कोंडी नसते हे खरे, पण धक्क्याला पोहोचण्याचा आणि धक्क्यावरून निघण्याचा वेळ कोण मोजणार? याउलट मार्च २०२० मध्ये सुरू झालेली भाऊचा धक्का-मांडवा ही रो-रो सेवा टिकली. मोटारीत बसलेल्याने मोटारीसह बोटीत शिरावे आणि मोटारीसह बाहेर पडावे अशी तिची रचना आहे; तिने मधली चढउतार काढून टाकली. पनवेलच्या होडीला बोरघाटातल्या रेल्वेने हरवले त्याचेच हे दुसरे रूप. अर्थात ज्याच्याजवळ मोटार आहे त्यालाच या सोयीचा पुरा लाभ मिळतो, हेही नोंदवले पाहिजे.

१२ जानेवारी २०२४ रोजी सुमारे २२ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला. पथकर एका फेरीला मोटारीमागे २५० रुपये असा ठेवला गेला, आणि दुचाकी व रिक्षांना त्यावर प्रवेश नाही. अभियांत्रिकीच्या दृष्टीने त्याची थोरवी मान्य करूनही १८४५ च्या माहीमच्या बांधाशी त्याची तुलना मनात आल्यावाचून राहत नाही. आवाबाईंची अट तेथे घातली गेली नाही. ज्या माणसाकडे दुचाकीच आहे त्याच्या दृष्टीने तो पूल समोर दिसतो, पण त्याचा नाही.

घारापुरीचे गावकरी तर या सर्व चर्चेच्या बाहेरच राहतात. पर्यटकाला लाँच की टॅक्सी असा प्रश्न पडतो; बेटावरच्या माणसाला शाळा, दवाखाना, बाजार यांसाठी बोटच. त्यांच्या घरांत समुद्राखालच्या तारेने वीज पोहोचली तीही फेब्रुवारी २०१८ मध्ये. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट आदळली आणि १५ माणसे मरण पावली. त्यानंतर लाइफ जॅकेटविषयी बरेच बोलले गेले. 'रामदास' बुडून ७७ वर्षे झाल्यावरही बोटीत प्रत्येकाला जॅकेट मिळते का, हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो, याचा अर्थ आपण पाण्यावरच्या माणसाची काळजी फक्त अपघातानंतर करतो असाच होतो. त्यापुढे जहाजातून एका दिवसासाठी उतरलेल्या पर्यटकाला कोणता सल्ला द्यावा, हा प्रश्न तसा लहान आहे. त्याला वेळ असेल आणि समुद्र शांत असेल तर त्याने घारापुरीला अवश्य जावे. वेळ अपुरा असेल तर टॅक्सी करावी. आणि लाँचमध्ये बसला तर जॅकेट आधी अंगात घालावे. पण असा निवडीचा अधिकार या बंदरात फार थोड्यांना, फार थोडा काळ मिळाला, हे त्याला कोणी सांगितले तर बरे होईल.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांसाठी यातून एक दिशा निघते. प्रवासवर्णन, आत्मचरित्र किंवा कोकणच्या पार्श्वभूमीवरची कादंबरी शिकवताना आपण निसर्गवर्णन पाहतो, बोलीचे नमुने पाहतो, पात्रांचे मनोव्यापार पाहतो. पात्र गावात कशाने उतरले, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. ते पडावातून उतरले की एसटीतून, भाडे कोणी दिले, सामान कोणी उचलले, काठावर घ्यायला कोण आले होते, ते पावसाळ्यात आले की उन्हाळ्यात, या प्रश्नांच्या उत्तरांतून त्या पात्राची वर्गीय जागा, लेखनाचा काळ आणि गावाचे मुंबईशी असलेले नाते एकदम स्पष्ट होते. बाळंतपणाला माहेरी निघालेली मुलगी पावसाळ्याआधीच का पोहोचली, मुलगा बापाच्या अंत्यविधीला का पोहोचू शकला नाही, यांची कारणे कित्येकदा कथानकात शोधली जातात. ती बोटीच्या वेळापत्रकात असू शकतात. आमच्याकडच्या विद्यार्थ्यांनी समुद्र पाहिलेला नसतो, म्हणून हे त्यांना समजणार नाही असे मानण्याचे कारण नाही. पैनगंगेला पूर आला की अलीकडे अडकलेला माणूस काय करतो हे त्यांना वडीलधाऱ्यांकडून ऐकून माहीत असते. तेथून सुरुवात करून त्यांना हर्णैच्या पडावापर्यंत सहज नेता येते. 'उतारू' या शब्दाचा अर्थही मग कोशात पाहावा लागत नाही.